न वाचण्याचा दिवस

तंजावूर
बुधवार, दसऱ्याचा दुसरा दिवस

माननीय सर,

नमस्कार. साष्टांग लिहीत नाही. मी तेवढी वाकत नाही, हे तुम्ही चार वर्षं एका घरात राहून पाहिलं आहे. आपली तब्येत चांगली असेल, असंही लिहीत नाही. त्याबद्दल पुढे विचारणार आहे, आणि रीत म्हणून विचारणार नाही.

आधी बातमी. मला जागा मिळाली. सरकारी मेडिकल कॉलेज, पुदुक्कोट्टई. इथून बसने दीड तास. यादी शुक्रवारी लागली. तुम्हाला त्याच दिवशी कळवायला हवं होतं, कळवलं नाही. फोन उचलला आणि ठेवला. तुम्हाला फोन करताना मला नेहमी वाटतं की मी वर्गाबाहेर उभी आहे आणि आत तास चालू आहे.

येत्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन तिथे हजर व्हायचं आहे. नाही झालं तर जागा पुढच्याकडे जाते. हे वाक्य लिहीत असताना माझं जायचं ठरलेलं नाही. पूर्वी असतं तर तुम्ही खुर्चीतून उठून "यात ठरवायचं काय?" म्हणून ओरडला असतात. थांबा. क्रमाने सांगते. क्रम सोडला की मला सांगता येत नाही.

घरी कोलु मांडला होता. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात तो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तुम्ही इथे आला होतात तेव्हा अम्माने तुम्हाला प्रत्येक बाहुलीची ओळख करून दिली होती, आणि तुम्ही दशावतारातलं कासव उचलून त्याच्या पाठीवरचे खवले मोजले होते. "दोन कमी आहेत," म्हणालात. अम्मा ते अजून सगळ्यांना सांगते. आधी तक्रार म्हणून सांगायची, आता कौतुक म्हणून सांगते.

रविवारी कोलु बघायला राजममामी आली. कोपऱ्यावरच्या घरातली; तिचा सुब्रह्मण्य शाळेत माझ्या वर्गात होता. मामी तमिळमध्ये बोलते आणि अम्मा आमच्या घरच्या मराठीत. दोन्ही मी तुमच्या मराठीत लिहिते, नाहीतर तुम्ही लाल शाई काढाल.

"काय ग रम्या, तुला तेहतीस ना? साडेपाच वर्षं म्हणजे एकोणचाळीस."

"अडतीस आणि काही महिने, मामी."

"तोवर माझे गुडघे टिकायला हवेत. आणि मला एक सांग, तू बारावीला बायॉलजी घेतलंच नव्हतंस. माझ्या सुब्रह्मण्यबरोबर गणितात होतीस. मग इंजिनियर झालीस, हॉस्पिटलांतली मशीनं दुरुस्त करत फिरलीस. आता एकदम डॉक्टर कशी?"

मी सांगितलं की नियम बदलला. बारावीनंतर कितीही वर्षांनी तो एक विषय वेगळा देता येतो, ओपन स्कूलमधून. वयाची अट नाही. तो विषय दिला, मग प्रवेश परीक्षा दिली, एकदा थोडक्यात गेली म्हणून दुसऱ्यांदा दिली.

"असले नियम तुला कोण सांगतं?"

मी सांगण्याआधीच अम्मा म्हणाली, "पुण्याहून पेपरचं कात्रण आलं होतं."

"पुण्याहून? तो तर परदेशात गेला ना?"

"त्याचे वडील आहेत. निजसुरे सर."

मामीचा चमचा हरभऱ्याच्या सुंडलाच्या वाटीत तसाच राहिला. "जावयाशी संबंध संपला, आणि त्याचा बाप पत्रं लिहितो?"

"शिकवतो," अम्मा म्हणाली. "जीवशास्त्राचे मास्तर होते ते."

मामीने ओठ मिटले. पण सुंडल दुसऱ्यांदा घेतलं.

अम्माने तुमची बाजू घेतली, ही माझ्यासाठी बातमी होती. तिला तुमची पत्रं आवडत नसत. "तुटलेल्या घराचं टपाल" म्हणायची. ते पाकीट ती चिमटीत धरून माझ्या टेबलावर ठेवायची, जसं काही ते ओलं आहे.

आता पत्रांबद्दल लिहिते. यातलं बरंच मी कधी लिहिलेलं नाही.

घटस्फोटाचा निकाल लागला त्या आठवड्यात मी पुणं सोडून इथे आले. पंधरा दिवसांनी तुमचं पहिलं पत्र आलं. त्यात श्रीकरबद्दल एक शब्द नव्हता. मला धीर देणाराही नव्हता. "चि. रम्यास, तू गेलीस तेव्हा नेफ्रॉन अर्धा राहिला होता. तो पूर्ण करू," एवढं लिहून खाली पानभर मूत्रपिंड काढलं होतं, नळ्या-नळ्यांसकट. पुण्याला आपण जेवण झाल्यावर बोलायचो ते तुम्ही जिथे थांबलं होतं तिथून उचललंत. मी तुम्हाला डायलिसिसचं यंत्र समजावायचे, तुम्ही मला ते यंत्र ज्याची नक्कल करतं तो अवयव. श्रीकर कंटाळून आत जायचा.

ते पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि त्या दिवशी, परतल्यापासून पहिल्यांदा, पोटभर जेवले.

उत्तरात मी "बाबा" न लिहिता "सर" लिहिलं. जे कायद्याने संपलं ते वापरू नये, असा माझा हिशोब होता. तुम्ही लिहिलंत, "सर चालेल. चाळीस वर्षं सगळे तेच म्हणत आले." तुम्हाला चालावं अशीच माझी इच्छा होती. तरी ते मला थोडं लागलं.

मग कात्रण आलं, "वाचून बघ" इतक्याच शेऱ्यासह. त्यानंतर दर पंधरवड्याला एक पत्र. मी एकदा म्हटलं होतं, एवढं हाताने कशाला काढता, मी पुस्तक घेते; तर तुम्ही म्हणालात, पुस्तकातली आकृती सगळ्यांसाठी असते. आणि तुमच्या त्या बटनांच्या फोनवर आकृती पाठवता येत नाही, हेही खरंच.

या वर्षी पत्रं आखूड झाली. आकृत्या थांबल्या, झेरॉक्स यायला लागल्या. जूनमध्ये लिहिलंत, "आता तुला माझ्या आकृत्यांची गरज नाही." मी त्याचा अर्थ लावला: आता पुरे. लावू नये असं काही नव्हतं. ज्या नात्याला नाव नाही ते कुणीतरी कधीतरी थांबवणार, आणि तुम्ही ते सभ्यपणे थांबवत आहात, असं मला वाटलं. मग मीही सभ्यपणे माझी पत्रं आखूड केली. त्यात मी तरबेज आहे.

गेल्या महिन्यात शेवटचं पत्र आलं. तुम्ही मला वचन दिलं होतं की जागा मिळेल तेव्हा कॉलेजच्या गेटपर्यंत याल, मी आत जाताना बघाल आणि मगच परतीची गाडी धराल. त्या पत्रात होतं, "गुडघ्यामुळे प्रवास जमणार नाही. तू जा." मी दोन ओळी पाठवल्या. ठीक आहे, काळजी घ्या.

माझं ते पत्र तसं होतं, कारण मी दुखावले होते. एवढं लिहायला मला इतकी पानं लागली.

सोमवारी इथे सरस्वतीपूजा होती, तीच आयुधपूजा. तुमच्याकडे पाटीवर सरस्वती काढून दसऱ्याला पूजा करतात. आमच्याकडे नवमीलाच पुस्तकं आणि हत्यारं कोलूपुढे ठेवतात, गंधाचं बोट लावतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उतरेपर्यंत कुणी काही वाचायचं नाही, हत्यार उचलायचं नाही. अप्पांचा पेपरसुद्धा बंद. ते दुपारी दुधाच्या पिशवीवरचा मजकूर वाचताना सापडले आणि अम्माने पिशवी हातातून काढून घेतली.

माझा मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हर आणि व्हर्निअर कॅलिपर अम्माने आधीच मांडले होते. मग विचारलं, "पुस्तकं कुठे आहेत?"

"दिली, अम्मा. परीक्षा झाली ना. सुब्रह्मण्यच्या भाचीला दिली."

"सगळी? सरस्वतीपुढे एकही पुस्तक नाही? डॉक्टर होणार म्हणे!"

ती माझ्या खोलीत गेली आणि कपाटातून तुमच्या पत्रांचा गठ्ठा घेऊन आली. "मग ही ठेवते. तू शिकलीस ती यांच्यावरच ना?"

रबर जुनं होतं, ते तुटलं. पत्रं फरशीवर पसरली, सगळा क्रम गेला. मी उचलायला वाकले तर म्हणाली, "तू आधी आंघोळ करून ये. मी लावते."

अम्माला देवनागरी येत नाही. मलाही तुमच्याकडे येईपर्यंत येत नव्हती. घरी मराठी बोलायची आणि लिहायचं ते तमिळमध्ये, आमच्यात सगळे तसेच. तुम्ही मला जी पहिली अक्षरं गिरवायला दिलीत ती "मूत्रपिंड"ची होती, आणि म्हणालात, जोडाक्षरापासून सुरुवात केली की पुढे भीती राहत नाही. अम्माला असं कुणी भेटलं नाही.

मी आंघोळ करून आले तेव्हा कोलूच्या पायथ्याशी चटई घालून तिने पत्रं उघडून मांडली होती, ओळीमागे ओळ, प्रत्येक पत्राचं पहिलं पान वर. मला गंमत वाटली.

"अम्मा, कशी लावलीस ग?"

"बाहुल्या लावते तशी. मोठ्या अक्षराची मागे, बारीक अक्षराची पुढे. नाहीतर बघायला बरं दिसत नाही." मग दिवा लावताना म्हणाली, "यांच्याकडे किती तऱ्हेची पेनं आहेत ग?"

दिवा लागला. आता वाचायचं नव्हतं. मी समोर बसले आणि नुसतं बघत राहिले, कारण दुसरं काही करायची परवानगी नव्हती.

सगळ्यात मागे मूत्रपिंड होतं. त्याच्याशेजारी हृदय. पुढच्या ओळीत बेडूक, मग जास्वंदीचं फूल उभं कापलेलं, मग पेशी दुभंगतानाच्या पायऱ्या. त्याच्या पुढे आकृत्या लहान होत गेल्या होत्या. आणि अगदी माझ्या पायाजवळच्या ओळीत आकृत्याच नव्हत्या. पांढऱ्या कागदावर करड्या रेघा होत्या, दुरून पाहिल्यावर दोऱ्यासारख्या.

वाचायचं नव्हतं, तरी मला आकृत्यांवरून क्रम माहीत होता. तुम्ही ज्या क्रमाने शिकवलंत तो. अम्माला तारखा वाचता येत नाहीत. तिने आकार बघून लावलेली पत्रं तारखेच्या क्रमाने लागली होती.

आमच्या कामात ही गोष्ट रोजची आहे. मॉनिटर एकदम बिघडत नाही, थोडा थोडा सरकतो. रोज बघणाऱ्या नर्सला आजचा आकडा कालच्यासारखाच दिसतो. म्हणून वर्षातून एकदा आम्ही जातो आणि ते यंत्र प्रमाणाशी लावून बघतो. तुमचं प्रत्येक पत्र मी एकेक करून वाचलं. प्रत्येक पत्र आधीच्यासारखंच होतं.

इथे थांबते. उद्या ओरत्तनाडूला ईसीजीची दोन यंत्रं बघायची आहेत. ती बहुतेक माझी शेवटची फेरी.

गुरुवार, ओरत्तनाडु

यंत्रं झाली. बसला वेळ आहे म्हणून इथेच हॉटेलात बसून लिहिते. कॉफीचा डाग पडला तर क्षमा करा.

वॉर्डातल्या विजयालक्ष्मी सिस्टरला बातमी कळली होती. ती म्हणाली, "मॅडम, परत याल तेव्हा मशीन बिघडलं तर कुणाला बोलवू? तुम्हाला म्हटलं तर म्हणाल, मी डॉक्टर आहे." मी म्हटलं, आधी प्लग बघा, निम्म्या वेळा तोच असतो. ती म्हणाली, "हे डॉक्टर झाल्यावर पण सांगा हं."

आता राहिलेलं लिहिते.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरली की जे ठेवलं होतं त्यातलं थोडं वाचायचं असतं. मी तुमचं शेवटचं पत्र उचललं आणि दुसऱ्या हाताने कॅलिपर. अप्पा म्हणाले, "सरस्वतीची पूजा झाल्याझाल्या हे काय?" मी अक्षरांची उंची मोजायला लागले होते. पहिल्या पत्रातलं तुमचं अक्षर शेवटच्या पत्रातल्या अक्षराच्या तिपटीहून मोठं आहे. शेवटच्या पत्रात प्रत्येक ओळ बरी सुरू होते आणि उजवीकडे जाता जाता आक्रसते. पेन तेच आहे. शाईही तीच.

मग मी सगळी पत्रं परत वाचली. या वेळी वाचण्यासाठी वाचली. मार्चमध्ये तुम्ही लिहिलं आहे की शेजारच्या केळकरबाईंच्या कॉफीला हल्ली वासच नसतो, भेसळ असणार. मेमध्ये भाजीवाली म्हणते आजोबा मोठ्याने बोला, तिचे कान तपासायला हवेत. जुलैमध्ये सदरे देऊन टाकले, उन्हाळ्यात बटनांची कटकट नको. पण जुलैत पुण्याला उन्हाळा नसतो, सर. मी या सगळ्याला तुमची विनोदी किरकिर समजत होते. उत्तरात मी एकदा भाजीवालीची बाजूसुद्धा घेतली.

हे निदान नाही. मी अजून एक तासही वर्गात बसलेली नाही. हे फक्त माप आहे, आणि माप घेणं हे अजून माझंच काम आहे. दुसरं काहीही असू शकतं. चष्म्याचा नंबर वाढलेला असू शकतो. तसं निघालं तर हे पत्र तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवा आणि मला पोटभर हसा. मी सुटीत येऊन ते ऐकेन.

पण एक गोष्ट चष्म्याच्या नंबरात बसत नाही.

गेल्या हिवाळ्यात मेंदूचा धडा आला. अग्रमेंदू तुम्ही दोन पत्रांत शिकवलात. पश्चमेंदू एका पत्रात. मध्यमेंदूसाठी एकच ओळ होती: "हा भाग पुस्तकातून वाच." तुम्ही मला गांडुळाचं पचनही पुस्तकातून वाचू दिलं नव्हतंत. मला तेव्हा वाटलं, दमले असतील. हात-पायांच्या हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या पेशी कुठे असतात, आणि त्या कमी झाल्या की अक्षराचं, वासाचं, आवाजाचं, बोटांचं काय काय होतं, हे मी आता पुस्तकातून वाचलेलं आहे. तुम्ही सांगितलं होतंत तसंच.

म्हणजे तुम्हाला माहीत आहे. निदान शंका तरी आहे, आणि गेल्या हिवाळ्यापासून आहे. तुम्ही कुणाकडे गेला नाहीत. श्रीकरला सांगितलं नसेल, कारण तो विमानाने येईल, चार दिवस घाबरेल आणि तुम्हाला तिकडे चला म्हणेल. मला सांगितलं नाहीत, कारण मला परीक्षा होती. आकृत्या थांबवल्यात आणि म्हणालात, तुला गरज नाही. गुडघा पुढे केलात. माझ्या गेटपाशी थरथरता हात घेऊन उभं राहायचं नव्हतं.

आणि मी समजले की तुम्हाला मी नको झाले आहे.

दसऱ्याला दुपारी मी घरी सांगितलं की सोमवारी मी पुदुक्कोट्टईला जात नाही, पुण्याला जाते.  अम्मा बाहुल्या जुन्या धोतरांत गुंडाळून पेटीत ठेवत होती.

"जागा सोडून?"

"परत परीक्षा देता येते. वयाची अट नाही."

"तू त्यांची कोण लागतेस ग, जायला? सून होतीस ते संपलं. त्यांना मुलगा आहे. उद्या त्यांनीच विचारलं, तू कोण, तर काय सांगशील? विद्यार्थिनी? त्यांच्या चाळीस वर्षांच्या विद्यार्थिनी निघाल्या तर पुण्यात उभं राहायला जागा मिळणार नाही."

  मी एक बाहुली उचलून धोतरात गुंडाळायला घेतली.

अप्पा इतका वेळ पेपरात होते. आदल्या दिवशीचा वाचनाचा उपास सोडत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"कोर्टाच्या त्या कागदावर नावं कुणाची होती?"

"माझं आणि श्रीकरचं."

"माझं होतं?"

"नाही."

"निजसुऱ्यांचं?"

"नाही, अप्पा."

"मग? तुम्हा दोघांचं तुटलं. माझं आणि त्यांचं कुणी तोडलं? मला तर काही नोटीस आली नाही. तो माणूस माझा व्याही आहे. मी जातो. तू तुझ्या कॉलेजात जा."

अम्मा म्हणाली, "तुम्ही? तुम्हाला चेन्नईला गाडी बदलता येत नाही. मागे अरक्कोणमला उतरला होता."

"तेव्हा घाईची लागली होती."

मी हसले. मग मला आत जावं लागलं. का, ते लिहीत नाही.

तर आता हे सांगायला हवं: हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. तुम्ही ते वाचत आहात तेव्हा अप्पा तुमच्या समोरच्या वेताच्या खुर्चीत बसलेले आहेत, आणि गप्प बसण्याचा प्रयत्न करत आहेत. मी त्यांच्याकडून वचन घेतलं आहे की तुम्ही शेवटपर्यंत वाचेपर्यंत बोलणार नाहीत. एव्हाना त्यांनी ते मोडलं असेल. त्यांच्या पिशवीत अम्माने पिठल्याचं सामान दिलं आहे, चिंचेसकट. तुम्ही आमच्या पिठल्याला "आमटीचा चुलतभाऊ" म्हणाला होतात, ते अप्पा विसरलेले नाहीत. ते स्वतः करून घालणार आहेत. मी आधीच क्षमा मागते.

पिशवीत आणखी एक वस्तू आहे, धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. ते कासव आहे. बाकीचे नऊ अवतार पेटीत गेले, हे अम्माने बाजूला काढलं. म्हणाली, "दोन खवले कमी आहेत ना? त्यांना म्हणावं, रंगवून द्या. हात हलला तरी चालेल, कासवच आहे. पण पुढच्या नवरात्राला मला ते इथे पायरीवर हवं. नऊ अवतारांचा कोलु मी मांडणार नाही." तिने हे कसं ओळखलं ते मला विचारू नका. मी तिला हाताबद्दल काही सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी अकरा वाजता डॉ. सुप्रभा तुम्हाला बघतील. पुण्यात मी त्यांच्या मेंदूविकार विभागाची यंत्रं सांभाळत होते, त्या मला ओळखतात. कमी बोलतात आणि नीट बघतात. मी त्यांना तुमचं नाव आणि वय सांगितलं आहे, बाकी काही नाही. बाकीचं तुमचं आहे, तुम्ही सांगायचं. ज्या गोष्टींना उपाय असतो त्या लवकर दाखवाव्यात, हे तुम्हीच मला डायलिसिसच्या पेशंटांबद्दल म्हणाला होतात, जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून.

मी सोमवारी पुदुक्कोट्टईला जाते आहे. हे आता ठरलेलं आहे. अकराच्या सुमाराला मीही रांगेत असेन, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलांच्या मागे. परीक्षेच्या हॉलमध्ये एका मुलीने मला पर्यवेक्षक समजून विचारलं होतं, "मॅडम, इथे बसू का?" या वेळी कुणी तसं विचारलं तर बस म्हणेन.

तुम्ही गेलात तरच मी जाईन, अशी अट मी घालत नाही. अट घातली तर तुम्ही ती लगेच ओळखाल आणि रागवाल. मी जाणारच आहे. तुम्ही नाही म्हणालात तर अप्पा चार दिवस राहून, तुमचं स्वयंपाकघर बिघडवून परत येतील, आणि मी रोज रात्री ते नाही मनात घेऊन हाडांची नावं पाठ करेन. एवढंच होईल. पण तुम्ही माझ्या गेटपर्यंत येणार होतात. ते जमत नाही. मलाही तुमच्या दारापर्यंत येणं जमत नाही. सोमवारी आपण दोघं एकाच वेळी आपापल्या दारातून आत जाऊ, आणि दोघांनाही आत काय आहे ते माहीत नसेल. मला तेवढी सोबत पुरेल. तुम्हाला पुरते का बघा.

बस आली. ही सोडते, पुढची अर्ध्या तासाने आहे.

बाबा, उत्तर हाताने लिहा. अप्पांना सांगून लिहवू नका; त्यांना फक्त तमिळ लिहिता येतं आणि ते मधे मधे स्वतःचं घालतील. कात्रण पाठवू नका, झेरॉक्स पाठवू नका. अक्षर जेवढं येईल तेवढं येऊ द्या. ओळ वाकडी गेली तर जाऊ द्या. एका पानाला आठवडा लागला तरी मी वाट बघेन, हॉस्टेलचा पत्ता पाकिटावर लिहिला आहे.

मध्यमेंदू राहिला आहे. तो पूर्ण करू.

तुमचं अक्षर जिला लागतं ती,
रम्या